आक्कांच्या फोटोंमागची चादर

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी चादर आहे. चादर म्हणते खरी, पण हे छातीठोकपणे सांगायची माझी हिंमत होत नाही. आजवर लोकांनी मला मेजपोस म्हटलं, पडदा म्हटलं, देवदूताचा झगा म्हटलं, आणि एकदा तर असं काही म्हटलं की आठवलं तरी माझे धागे आकसतात. मी नक्की कोण, या प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. माझी हकीकत सांगते. तुम्हाला काही उलगडलं तर बरंच होईल.

माझा जन्म इचलकरंजीचा. यंत्रमागांची खडखड इतकी, की शेजारचा धागा काय बोलतो तेही ऐकू येत नसे. मी साधं सुती मांजरपाट कापड. नक्षी नाही, रंग नाही, काठ नाही. माझ्या आसपासच्या कापडांचं भविष्य ठरलेलं होतं. कुणी धोतर होणार होतं, कुणी अस्तर. माझ्याबद्दल कुणी काही बोललं नाही. मला गुंडाळून टेम्पोत टाकलं आणि कोल्हापूरच्या बाजारात आणलं.

तिथं एका जुन्या चर्चच्या महिला मंडळानं मला घेतलं. प्रभुभोजनाच्या मेजावर अंथरायला पांढरं कापड हवं होतं. मेजाचं माप एका बाईनं वितीनं घेतलं आणि कापड दुसऱ्या बाईनं स्वतःच्या वितीनं मोजून घेतलं. पहिलीची वीत एवढीशी आणि दुसरीची चांगली हातभर. दोन पन्हे जोडून, कडा दुमडून मला शिवलं, आणि मेजावर अंथरल्यावर कळलं की मी दोन्ही बाजूंनी जमिनीवर लोळते आहे. पहिल्याच रविवारी पाळकसाहेबांचा पाय माझ्यात अडकला. ते सावरले म्हणून बरं. दुपारी माझी घडी घालून कपाटात ठेवून दिली. माझं काय चुकलं हे मला समजेना. मी तर जेवढी होते तेवढीच होते.

नंतरची काही वर्षं मी नाताळपुरती बाहेर यायची. कधी नाटकाचा पडदा, कधी बेथलेहेमच्या टेकडीवरचा बर्फ. एका वर्षी मला अंगाभोवती गुंडाळून एक गलेलठ्ठ मुलगा देवदूत झाला. 'भिऊ नका' हे त्याचं एकच वाक्य होतं, आणि ते म्हणताना तोच लटलट कापत होता. नाटक संपलं की पुन्हा कपाट. डांबराच्या गोळ्यांचा वास आणि अंधार. मेजावर शोभत नाही, तर मी टेकडी व्हायला जन्मले होते का, असं मी स्वतःलाच विचारत बसायची.

मग सुवार्ताबाई आल्या. अख्खी गल्ली त्यांना आक्का म्हणायची, मीही आक्काच म्हणते. आक्का जन्मभर दवाखान्यात नर्स होत्या. निवृत्त झाल्या त्या दिवशी बरोबरच्या नर्सेसनी त्यांना एक रोलचा कॅमेरा भेट दिला. आक्कांना मूलबाळ नव्हतं. सकाळी उठून त्या चर्चमध्ये यायच्या, बाकं पुसायच्या, फुलदाण्यांतलं पाणी बदलायच्या, रविवारी लहान मुलांना गीतं शिकवायच्या. या कामाचे त्यांना कुणी पैसे देत नव्हतं आणि कुणी करा म्हणूनही सांगितलं नव्हतं.

एके दिवशी त्या चर्चचा शिपाई आकाराम याला म्हणाल्या, "आकाराम, जन्मभर मी माणसांची आजारी तोंडं बघितली. कण्हणारी, घामानं भिजलेली. त्यांची बरी तोंडं मला ठाऊकच न्हाईत. आता रोज एक बरं तोंड बघायचं ठरवलंय."

"म्हणजे काय करणार, आक्का?"

"फोटो काढणार. दिवसाला एक."

चर्चच्या बाजूला पूर्वेकडे तोंड असलेला एक व्हरांडा होता. सकाळचं ऊन तिथं छान यायचं, पण भिंत ओल येऊन काळीहिरवी झाली होती. त्या भिंतीपुढे बसलेला माणूस फोटोत आजारीच दिसला असता. आक्कांनी कपाट उघडलं, मला बाहेर काढलं, आकारामनं दोन खिळे ठोकले आणि मला भिंतीवर ताणून बांधलं. पुढं एक लाकडी स्टूल ठेवलं. माझं काम सुरू झालं.

आक्कांचा नियम कडक होता. एक दिवस, एक माणूस, एकच खटका. त्या दिवशी सकाळी पहिल्यांदा जो कोणी फाटकातून येऊन "माझा काढा" म्हणेल, त्याचा फोटो. तो चर्चचा असो, नसो. रिक्षावाले आले, शिकवणीला जाणारी मुलं आली, बाजूच्या बुद्ध विहारातले अण्णासो पांढरा सदरा घालून आले. कुणी डोळे मिटले तर मिटलेलेच राहायचे. दुसऱ्यांदा काढायला सांगितलं की आक्का म्हणायच्या, "उद्या दुसऱ्याचा नंबर हाय. पुढच्या वर्षी डोळं उघडं ठेवून या." रोलमध्ये छत्तीस फोटो मावत. त्यामुळं सव्वा महिनाभराची माणसं त्या कॅमेऱ्याच्या पोटात एकत्र नांदायची. रोल संपला की तो धुऊन यायचा, फोटो हॉलमधल्या फळ्यावर लागायचे, आणि महिनाभरानं ज्याचा त्याला फुकट मिळायचा.

मला मात्र एक मोठा पेच पडला. फोटो काढताना माणूस कॅमेऱ्याकडे तोंड करून बसतो, म्हणजे माझ्याकडे पाठ. कॅमेऱ्याला बिचाऱ्याला एकच डोळा, पण सगळी तोंडं त्याच्या वाट्याला. माझ्या वाट्याला पाठी! समोरून कडक इस्त्री केलेला शर्ट मागून चुरगळलेला असायचा. ब्लाउजला टाचणी असायची. पोरांच्या माना आईनं घासून घासून लाल केलेल्या असायच्या. आक्का "हसा" म्हणाल्या की सगळ्यांचे खांदे थोडे वर उचलले जायचे. काहींचा एकच खांदा उचलला जाई, दुसरा खालीच राही, आणि तो का राहिला ते मला कधी कळत नसे.

एकदा आकाराम मला धुवायला घेऊन चालला होता तेव्हा वाटेत तो फळा दिसला. मी आशेनं पाहिलं. किती तरी तोंडं होती, आणि मित्रांनो, मी त्यातल्या एकालाही ओळखलं नाही! ही तीच माणसं होती का, जी माझ्यापुढं बसली होती? आणि मी कुठं होते? प्रत्येक माणसाच्या मागं नुसतं पांढरं होतं. एवढे दिवस उन्हात ताणून उभी राहिले ती मीच का, अशी शंका मला आली. धुतानासुद्धा माझं लक्ष लागेना.

एका दिवाळीच्या पाडव्याला पिराजी आला. पिराजी गवळी. रोज सकाळी म्हशी घेऊन गल्लीत यायचा आणि लोकांच्या डोळ्यांदेखत धार काढून द्यायचा. पाडव्याला कोल्हापुरात म्हशी नटवून मिरवतात. त्याची बिजली नावाची म्हैस त्या दिवशी शिंगं रंगवून, मोरपिसं लावून आली होती.

"आक्का, आज माझा न्हवं, बिजलीचा काढा. बघा कशी दिसतीया!"

"अरे, माणसांचा फोटो काढतो मी."

"ती काय माणसापरास कमी हाय व्हय? चार घरं जगवतीया."

आक्कांनी कॅमेरा डोळ्याला लावला. पिराजी म्हशीला वळवत होता, म्हैस वळत नव्हती. तिला माझ्यातच काय दिसलं कोण जाणे. तिनं माझा खालचा कोपरा तोंडात घेतला आणि शांतपणे चावायला लागली. आकाराम ओरडला, पिराजी ओरडला, आक्का हसत सुटल्या आणि खटका दाबून मोकळ्या झाल्या. माझा कोपरा अर्ध्या भाकरीएवढा गेला. महिला मंडळाच्या एका बाईनं तिथं ठिगळ लावलं. पांढरा दोरा संपला होता म्हणून तिनं निळा घेतला. बिजली जगातली पहिली होती जी माझ्याकडे तोंड करून उभी राहिली, आणि तिनं मला खाल्लं. याचा आनंद मानावा की दुःख, हे माझं अजून ठरलेलं नाही.

फाटकाजवळ धोंडुबाई भाजी विकायला बसायची. आवाज असा, की चर्चमध्ये प्रार्थना चालू असली तरी "गवार घ्या गवार" त्यात मिसळायचं. आक्का तिला रोज म्हणायच्या, "ये की, बस एकदा." ती म्हणायची, "माझं थोबाड काय काढतासा? गवारीचा काढा, ती तरी हिरवीगार हाय." वर्षामागून वर्षं गेली, पण ती काही बसली नाही.

आता मी जे सांगणार आहे ते नीट ऐका, कारण इथून पुढं माझा गोंधळ फार वाढला.

त्या वर्षी धोंडुबाईची मुलगी वर्षाराणी बाळंतपणासाठी माहेरी आली. आदल्या वर्षी तिचं एक बाळ पोटातच गेलं होतं. तेव्हापासून धोंडुबाई पोरीला फुलासारखी जपत होती. ऊन लागू देत नव्हती, ओझं उचलू देत नव्हती, कुणाच्या दारात जाऊ देत नव्हती.

त्याच सुमारास शांतवन मास्तर वारले. चर्चमधले सगळ्यांत वयस्कर, गल्लीतल्या निम्म्या लोकांना त्यांनी शाळेत शिकवलं होतं. आक्का त्या दिवशी जयसिंगपूरला बहिणीकडे गेल्या होत्या. शवपेटीवर घालायचं चर्चचं काळं मखमली कापड धुऊन टाकलं होतं आणि पावसाळी हवेत ते वाळलंच नव्हतं. मंडळी दारात उभी, पेटी उचलायची वेळ झालेली. आकारामनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि व्हरांड्यातून मला सोडून नेलं.

मी मास्तरांच्या पेटीवर पसरले. सगळे रडत होते आणि गीत म्हणत होते. मला आत काही ऐकू येतं का म्हणून मी कान दिला. काहीच नव्हतं. मला भीती वाटली नाही. उलट इतक्या लोकांनी माझ्याकडे एकदम पाहण्याची ती पहिलीच वेळ होती, म्हणून मला थोडं बरंच वाटलं. मग असं वाटणं योग्य आहे का, या विचारानं मी कानकोंडी झाले. दफनभूमीत मला काढून घेतलं, माझी घडी केली. मास्तर खाली गेले, मी परत आले. आकाराम दिवसभर धावून दमला होता. त्यानं मला झटकलं आणि पुन्हा व्हरांड्यात बांधलं. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

आक्कांना रात्री परतल्यावर मास्तरांची बातमी कळली. सकाळी त्या आल्या तेव्हा डोळे सुजलेले होते. आणि नेमक्या त्याच सकाळी धोंडुबाई पोरीला घेऊन आली.

"आक्का, ही म्हणतीया आईसंगं फोटो पायजे. काढा बाई आता. माझं काय, पोरीसाठी बसतो."

एवढी वर्षं वाट पाहिल्यावर आक्का कशा नाही म्हणणार? वर्षाराणी स्टुलावर बसली, धोंडुबाई तिच्या खांद्यावर हात ठेवून मागं, म्हणजे अगदी माझ्याजवळ, उभी राहिली. तिच्या पाठीला कोथिंबिरीचा वास होता. "हसा," आक्का म्हणाल्या. धोंडुबाईचे दोन्ही खांदे वर गेले. खटका पडला.

इतक्यात दुधाची चरवी घेऊन पिराजी आला. काल तोही दफनभूमीत आला होता. मास्तरांच्या हाताखाली तो शिकला होता. त्याची नजर माझ्या निळ्या ठिगळावर गेली.

"आक्का, ही कालचीच चादर न्हवं? मास्तरांच्या पेटीवरची?"

पिराजीचा आवाज दोन गल्ल्या पलीकडे जातो. तसा तो आत्ताही गेला. धोंडुबाईनं पोरीला हाताला धरून माझ्यापासून लांब ओढलं.

"मयताच्या कापडापुढं बसवलासा माझ्या पोरीला? गरवार पोरीला?"

आक्कांनी आकारामकडे पाहिलं. आकारामनं खाली पाहिलं. आक्कांना सगळं कळलं.

"मला ठाऊक नव्हतं, धोंडुबाई. पण कापडानं काय हुतंय? ह्याच हातांनी मी किती जणांचे डोळे मिटलेत. आणि ह्याच हातांवर तुझी वर्षाराणी जन्मली की."

"हात धुत्यात, आक्का. ही तशीच आणून बांधलीया. मातीला जाऊन आलीया ती." तिचा आवाज चिरकला. "तो फोटू उमटता कामा न्हाय. आत्ताच्या आत्ता रीळ फोडा."

रोल उघडून उन्हात धरला असता तर त्यातले सगळे फोटो गेले असते. त्यात महिनाभराची माणसं होती. आणि मित्रांनो, त्यातच शांतवन मास्तरही होते. दोन आठवड्यांपूर्वी ते काठी टेकत आले होते आणि माझ्यापुढं बसले होते. त्यांचा शेवटचा फोटो तोच. त्यांच्या घरचे त्याची वाट पाहत होते. आक्कांनी हे धोंडुबाईला सांगितलं.

"मग माझ्या नातवंडापरास मास्तर मोठं झालं व्हय?"

"धुऊन आला की तेवढा तुझा कापून देतो," एवढंच आक्का म्हणाल्या.

"धुऊन न्हाय. एकदा उमटला की झालंच. त्याच्या आधी."

मी तिथं लटकले होते आणि मला काही सुचत नव्हतं. धोंडुबाईला दोष तरी कसा देऊ? एक नातवंड गमावलेली बाई ती. आणि आक्कांना दोष कसा देऊ? आणि आकारामला? सगळेच बरोबर आहेत, मग चूक ती मीच, असं मला वाटू लागलं.

आक्का तशाच कॅमेरा घेऊन राजारामपुरीतल्या स्टुडिओत गेल्या. तिथल्या माणसाला त्यांनी विनवलं, की अंधाऱ्या खोलीत कॅमेरा उघड आणि शेवटचा फोटो धुवायच्या आधीच कापून दे. तो कुरकुरला, पण त्यानं दिला. परत येऊन आक्कांनी धोंडुबाईच्या हातात बोटभर लांबीचा चकचकीत तुकडा ठेवला. त्यावर काहीच दिसत नव्हतं. धोंडुबाईनं तो उलटा केला, सुलटा केला, आणि घरी नेऊन चुलीत टाकला. मी कित्येक दिवस विचार करत होते. त्या तुकड्यात त्या दोघी होत्या का? उमटण्याआधीच जळाला तो फोटो, फोटो होता का? आक्कांना विचारायचं होतं, पण चादरीला कुठं तोंड असतं.

मास्तरांचा फोटो चांगला आला, असं आकाराम सांगत होता. बाकी मात्र सगळं बिघडलं. गल्लीत बोभाटा झाला आणि माणसं यायची थांबली. चर्चच्या पंचांची बैठक बसली. पाळकसाहेब म्हणाले, "आपल्यात असलं काही मानत नाहीत." सगळ्यांनी माना डोलावल्या. मग ते म्हणाले, "तरीपण ती चादर आता वापरू नका." सगळ्यांनी पुन्हा माना डोलावल्या. धोंडुबाई तर फाटकात उभी राहून म्हणाली, "वापरू नका काय? जाळा ती."

आक्कांनी मला जाळू दिलं नाही. आकारामनं मला सोडा घालून उकळत्या पाण्यात धुतलं. मग महिला मंडळाच्या एका बाईनं खात्रीसाठी पुन्हा धुतलं. तिच्यावर भरवसा नसलेल्या दुसऱ्या बाईनं तिसऱ्यांदा धुतलं. इतकी स्वच्छ मी मागावरून उतरले तेव्हाही नव्हते, आणि इतकी नकोशीही कधी झाले नव्हते. मला वरच्या फळीवर ठेवून कपाटाला कडी घातली. आक्का रोज फोटो काढत राहिल्या. नवी चादर आणली होती, पण स्टूल रिकामंच राहायचं. मग त्या आकारामचाच फोटो काढायच्या. कधी टोपी घालून, कधी टोपी काढून. धोंडुबाईनं भाजीची पाटी फाटकापासून उचलून पुढच्या वळणावर नेली. आक्का तिच्यापुढून जायच्या तेव्हा ती वांग्यांवर पाणी शिंपडत बसायची.

आणि मग पंचगंगेला पूर आला. पाणी खालच्या वस्त्यांत शिरलं. लोक मिळेल ते डोक्यावर घेऊन उंचावर आले. चर्चचा हॉल उघडला. बाकं बाजूला सारली, तरुण पोरांनी खिचडीची पातेली चढवली. आक्का तीन दिवस घरी गेल्या नाहीत. कपाटातल्या चादरी, पडदे, मेजपोस, ती नवी चादर, सगळं ओल्या माणसांना दिलं. काळं मखमली कापडही एका म्हाताऱ्यानं अंगाभोवती घेतलं. मला तेवढं कुणी हात लावला नाही.

धोंडुबाईच्या घरातही पाणी आलं. ती हॉलमध्ये यायला तयार नव्हती म्हणे. पण दुसरीकडे जागा नव्हती आणि पोरीला चालवत नव्हतं. ती येऊन कोपऱ्यात बसली, आक्कांकडे न बघता.

तिसऱ्या दिवशी दुपारी वर्षाराणीला कळा सुरू झाल्या. आकाराम रिक्षा आणायला गेला तो अडकलाच. रस्त्यावर कमरेएवढं पाणी होतं. आक्कांनी तिला पलीकडच्या छोट्या खोलीत नेलं, दोन बाकं जोडली, पाणी उकळायला सांगितलं. मग त्यांनी हॉलभर नजर फिरवली. सगळं कापड भिजलेलं, चिखलानं माखलेलं. त्या कपाटाकडे आल्या आणि त्यांनी कडी काढली.

मला घेऊन त्या धोंडुबाईपुढं उभ्या राहिल्या.

"धोंडुबाई, दुसरं कोरडं कापड न्हाय. ही तीनदा धुतलीय, उकळून काढलीय. पण तू न्हाय म्हणालीस तर न्हाय. लगेच सांग."

धोंडुबाईनं माझ्याकडे पाहिलं. निळ्या ठिगळाकडे पाहिलं. मी श्वास धरून होते, म्हणजे चादर जसा धरेल तसा. मला स्वतःलाच कळत नव्हतं की तिनं काय म्हणावं. खरंच माझ्यात काही वाईट असलं तर? मी मातीला जाऊन आले होते, हे तर खोटं नव्हतं.

आतून वर्षाराणी ओरडली, "आये, काय बघत बसलीयास? आण की ती!"

धोंडुबाईनं मला आक्कांच्या हातातून ओढून घेतलं. एकदा जोरात झटकलं. नाकाजवळ धरून वास घेतला. खोलीत जाऊन तिनं स्वतःच्या हातानं मला बाकांवर पसरलं, सुरकुत्या काढल्या, आणि खाली वाकून माझ्याशी बोलली. मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्याशी कुणी एक शब्द बोललं नव्हतं.

ती म्हणाली, "मास्तरानला घालवून आलीस न्हवं? आता आमचं घिऊन ये."

पुढचं मी फारसं सांगू शकत नाही. वर्षाराणीच्या मुठींनी मला इतकं आवळलं होतं की माझी मधली शिवण उसवली. आक्का सारखं बोलत होत्या, धीर देत होत्या. मग एक लहानसं रडू ऐकू आलं. मुलगी होती. आक्कांनी माझा कोरडा भाग फाडला आणि तिला त्यात गुंडाळलं. धोंडुबाई भिंतीला टेकून खाली बसली आणि मोठ्यानं रडली. तिचा तो आवाज गवार विकतानाच्या आवाजापेक्षाही मोठा होता. त्या दिवशी फोटो काढायचा राहूनच गेला. आक्कांच्या ते लक्षातही आलं नाही.

पूर ओसरला. धोंडुबाई पोरीला, नातीला आणि मला घेऊन घरी गेली. काही दिवसांनी ती आक्कांना भेटली तेव्हा तिनं विचारलं, "आक्का, तो तुकडा जळला. तसला दुसरा न्हाय व्हय निघत?"

"तो न्हाय निघत," आक्का म्हणाल्या.

मग धोंडुबाईनं भाजीची पाटी उचलून पुन्हा फाटकाजवळ आणून ठेवली.

आकाराम मात्र कामाला पक्का. तो धोंडुबाईच्या दारात आला. "चादर द्या. चर्चच्या मंडळीची हाय ती."

"मंडळीला नवी कोरी आणून देतो. ही द्यायची न्हाय."

"अगं, पण तूच म्हणालीस न्हवं, जाळा म्हणून?"

"म्हणालो व्हतो. मग?" असं म्हणून तिनं दार लावून घेतलं.

मित्रांनो, आता मी अखंड चादर राहिलेली नाही. माझी दुपटी झाली आहेत, एका तुकड्याची झोळी झाली आहे, आणि निळं ठिगळ धोंडुबाईनं दुपट्याच्या मधोमध तसंच ठेवलं आहे. जी मास्तरांना पोहोचवून आली ती मी, की जी या मुलीला घेऊन आली ती मी? मी चांगली झाले, की होते तशीच आहे? कितीही विचार केला तरी माझा गोंधळ सुटत नाही. झोळी हलायला लागली की विचार अर्धवट राहतात, हेही एक कारण आहे.

पण एवढं तुम्हाला विनवून सांगते. तुमच्या घरात एखादं जुनं कापड असेल, तर ते कुठं कुठं जाऊन आलं आहे एवढ्यासाठी त्याला फेकू नका. स्वच्छ धुवा, खडखडीत वाळवा, घडी करून हाताशी ठेवा. आणि ज्या दिवशी दारात कुणी भिजून येईल, त्या दिवशी कपाटाची कडी काढायला उशीर करू नका.